एका धारेएवढं ध्यान



आजचं वाचन: संयुत्त निकाय, ओपम्म संयुत्त, ओक्खा सुत्त.

सुत्त इतकं छोटं आहे की मोबाइलवर फार स्क्रोलसुद्धा करावं लागत नाही. पण "रोज किती वेळ ध्यान करायचं?" या प्रश्नाने मला जवळपास वर्षभर छळलं होतं. त्यातून मला या सुत्ताने बाहेर काढलं, म्हणून आज हेच घेऊ.

आधी आशय बघू. भगवान बुद्ध श्रावस्तीला असताना भिक्खूंना एक तुलना सांगतात. समजा, एकाने सकाळी शंभर हंडे अन्न दान केलं, दुपारी पुन्हा शंभर आणि संध्याकाळी पुन्हा शंभर. दुसऱ्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ मनात फक्त मैत्री भावना केली. किती वेळ? गाईचं आचळ एकदा ओढायला लागतो तेवढा. भगवान म्हणतात, या दुसऱ्याचं फळ मोठं.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. गोयंका गुरुजींच्या परंपरेत घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. मी इंजिनिअर माणूस, टार्गेट मिळालं की खूश! अ‍ॅपमध्ये टायमर लावला, स्ट्रीक मोजायला लागलो. एकेचाळीस दिवस सलग झाले. मग ऑफिसात मोठा रिलीज आला, रात्री ऑन-कॉल, झोपेचं खोबरं. तरी तास पूर्ण करायचाच म्हणून हट्टाने बसलो. तेवढ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीने दार वाजवलं. मी आतूनच ओरडलो, "मला ध्यान करू दे!"

ती रडत आईकडे गेली. मी मात्र टायमर संपेपर्यंत डोळे मिटून बसून राहिलो. त्या तासाला ध्यान म्हणायची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी खाडा झाला. स्ट्रीक शून्यावर आली. आणि मग डोक्यात ते लॉजिक सुरू झालं: तास जमत नाही ना, मग दहा मिनिटं बसून काय उपयोग? जवळपास दहा महिने मी एक मिनिटसुद्धा बसलो नाही.

अशात हे सुत्त वाचनात आलं. पालीत शब्द आहे 'गद्दूहनमत्तं'. मी पिशवीतलं दूध पिणारा पुणेकर, मला काय कळणार! आजीला गावी फोन लावला. तिने आयुष्यभर गाय सांभाळली आहे.

"आजी, एक धार काढायला किती वेळ लागतो गं?"

"एका धारेला कितीसा वेळ? श्वास घेशील न् सोडशील, तेवढा. पण बसायची वेळ चुकवायची नाही. खाडे झाले की गाय आटते. अन् रागात जाऊन बसलास ना, तर पान्हाच सोडत नाही ती."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. माझ्या दोन्ही चुका आजीने एका दमात सांगितल्या होत्या. एक तर मी रागात बसत होतो. दुसरं म्हणजे, मोठं भांडं भरत नाही म्हणून मी धारच काढायची सोडली होती.

मग सुत्तपिटकात मिनिटांचा आकडा कुठे आहे का ते शोधलं. मला तरी सापडला नाही. सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी सात वर्षांपासून सात दिवसांपर्यंतचा काळ येतो, पण रोज किती तास ते नाही. उलट चालताना, उभं असताना, बसताना, आडवं होताना, जेवतानाही सजग राहा असं तिथे सांगितलंय. रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी जागून साधना करायला सांगितलंय, पण ते घर सोडलेल्या भिक्खूंना. सकाळ-संध्याकाळ एक तास हे गृहस्थांसाठी आचार्यांचं मार्गदर्शन आहे. ते चांगलंच आहे, जमेल त्याने जरूर करावं. पण ते जमलं नाही म्हणजे आपण धम्मातून नापास झालो, असं नाही.

सोण भिक्खूंची गोष्ट आठवा. चंक्रमण करून करून त्यांचे पाय रक्ताळले, तरी मन मुक्त होईना. घरी परत जावं, असा विचार मनात आला. ते पूर्वी उत्तम वीणा वाजवायचे. भगवंतांनी त्यांना त्यांच्याच वीणेची आठवण करून दिली: तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी नाही. म्हणजे प्रमाणाबाहेरच्या जोरामुळे साधना सुटायची वेळ अडीच हजार वर्षांपूर्वीही येत होती!

पण इथे एक सावधगिरी. "एका धारेएवढं पुरतं, चला झालं" असा सोयीचा अर्थ काढू नका. हे सुत्त मैत्री भावनेबद्दल आहे आणि ते तुलनेवर थांबत नाही. पुढे भगवान सांगतात की मैत्रीचा सराव वारंवार करा, तिला आपलं वाहन करा, आपला पाया करा. एका क्षणात पाया होत नाही. तो रोजच्या क्षणांनी होतो. शिवाय सुत्तात तीन वेळा आहेत: सकाळ, दुपार, संध्याकाळ. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

सध्या मी असं करतो:

१. सकाळी वीस मिनिटं आनापान. सुरुवात पाच मिनिटांनी केली होती. सगळ्यात वाईट दिवशीही जमेल एवढाच वेळ आधी ठरवला, मग हळूहळू वाढवला.

२. दिवसातून तीनदा एका धारेएवढी मैत्री. लॅपटॉप उघडण्याआधी, जेवणानंतर, आणि रात्री मुलगी झोपल्यावर तिच्या उशाशी. वीस मिनिटं हुकली तरी या तीन वेळा चुकवत नाही.

३. रविवारी पूर्ण तास. दार उघडं ठेवून.

मागच्या रविवारी मुलगी आत आली, मांडीवर बसली, दोन मिनिटांनी कंटाळून निघून गेली. मी डोळे उघडून तिच्याकडे बघून हसलो आणि पुन्हा श्वासाकडे आलो. टायमरने ते मोजलं असेल-नसेल, मी मोजलं.

आज एवढंच करा: हे वाचून झाल्यावर पुढचं काही उघडण्याआधी एक श्वास घ्या, आणि ज्याच्यावर आज चिडलात त्याचं भलं चिंता. तेवढ्यात एक धार होते. संध्याकाळी पुन्हा.

सगळ्यांचं मंगल होवो.