चार आट्यांवरचं चाक

राई, भाईंदर (प.)

चि. मयूरेश,

तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिले. ‘मामा, गाळ्यात लेथवर १८ एमएमचे चार स्पेसर फिरवून दे, रविवारी न्यायला येतो,’ असं लिहिलंस, जणू डोसे मागवतोयस. चाक आणि हब यांच्यामध्ये घालायच्या त्या चकत्या मी फिरवून देणार नाही. का, ते फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो मामा’ म्हणतोस आणि लक्ष भलतीकडे असतं. म्हणून कागद.

तुझी बीएमडब्ल्यू झेड-फोर सुंदर आहे, यात वाद नाही. तुझी आई मात्र अजून विचारते की एवढ्या पैशात दोनच सीटा का. जुनी चाकं काढून थ्री सिरीजची अलॉय घेतलीस. पाच बोल्ट, १२० चं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोक ७२.६ जुळतं म्हणून दुकानदाराने ‘बसेल’ सांगितलं. बसेल, खरंच बसेल. पण चाकाच्या पाठीवर ईटी म्हणून एक आकडा असतो, तो तुला कोणी वाचून दाखवला नाही. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी पाठ यांच्यातलं अंतर म्हणजे ईटी. तो आकडा जितका मोठा, तितकं चाक आत जातं.

तुझ्याच फोटोत बघ. पुढच्या जुन्या चाकावर ८ इंच रुंदी आणि २९. नव्यावर साडेआठ इंच आणि ४७. ४७ उणे २९, तुझे १८ इथून आले. पण अर्धा इंच वाढलेली रुंदी तू धरलीच नाहीस. ती दोन्ही अंगांना सव्वासहा मिलिमीटर वाटली जाते. म्हणजे आतली कड २४ मिलिमीटर आत, सस्पेन्शनच्या नळीकडे सरकते, आणि बाहेरची कड पावणेबाराच आत येते. १८ चा स्पेसर लावलास तर चाक जुन्यापेक्षा सहा मिलिमीटर बाहेर डोकावेल. आणि मागे? मागच्या जुन्या चाकावर साडेआठ इंच आणि ४० लिहिलंय. तिथे फरक अवघा सातचा. बहुतेक काहीच लावायला नको. आणि तू चार मागतोयस.

स्पेसर लावणारे सगळे मूर्ख असतात, असं मी म्हणत नाही. पोर्शसारखी कंपनी स्वतःच्या काही गाड्यांना स्वतःच स्पेसर देते. जर्मनीत विकत घेतलेल्या स्पेसरबरोबर कोणत्या गाडीला, कोणत्या चाकाला चालेल याचा कागद येतो आणि तपासनीस गाडी पाहून शिक्का मारतो. माझ्या गाळ्यातल्या चकतीबरोबर काय येईल? मामाचा शब्द.

त्या शब्दाची किंमत मला माहीत आहे. १९९६ चा पावसाळा. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन दोनच वर्षं झाली होती. एक गिऱ्हाईक जिप्सी घेऊन आलं, चाकं बाहेर काढून हवी होती. मी ओतीव अॅल्युमिनियमचा ठोकळा आणला, बारा मिलिमीटरच्या चकत्या फिरवल्या, पाच भोकं पाडली, पॉलिश मारलं. आरशासारख्या दिसत होत्या. मूळ स्टड तसेच ठेवले. नट बसले, पाना कचकच वाजला, सगळे खूश. नटाने धरलेले आटे मी त्या दिवशी मोजले नाहीत, नंतर मोजले. चार. काशिमीऱ्याच्या अलीकडे पुढचं डावं चाक निखळून गाडीच्या पुढे धावत गेलं. वेग कमी होता, कोणाला लागलं नाही. गिऱ्हाईक भांडलं नाही, तुटलेले तीन स्टड माझ्या टेबलावर ठेवून गेलं. भांडलं असतं तर बरं वाटलं असतं.

चाक बोल्टवर लटकलेलं असतं हा समज आधी काढून टाक. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबामुळे दोन सपाट पाठींत जे घर्षण होतं, ते गाडीचं ओझं पेलतं. तुझा बोल्ट बाराचा, पिच दीडचा. १२० न्यूटन-मीटरला आवळलास की कागदावरच्या हिशेबाने प्रत्येक बोल्टमागे साधारण पाच टनांचा ताण येतो. हा ताण टिकायचा तर आट्यांची पकड निदान बोल्टच्या जाडीइतकी हवी. १२ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण आठ फेरे. स्पेसर जितका जाड, तितके आटे तो गिळतो, म्हणून तितकाच लांब बोल्ट हवा. त्याहून लांब नको, नाहीतर टोक हबमागे निघून मागच्या चाकात हँडब्रेकच्या शूला घासेल. बोल्टच्या डोक्याखालची बैठकही बघ. बीएमडब्ल्यूची शंकूची, फोक्सवॅगनची गोल. एकाची दुसऱ्यात घातली तर बसल्यासारखी वाटते, पण धरते फक्त रेघेवर.

आता मधलं भोक. हबचं नाक चाकाच्या भोकात घट्ट बसतं, त्यानेच चाक केंद्रात येतं. तीनचा किंवा पाचचा पातळ स्पेसर घातला तरी नाकाचा थोडा भाग बाहेर उरतो. जाड स्पेसरला स्वतःचं नाक काढता येतं. अडचण मधल्या मापात आहे, दहा-बाराच्या आसपास. हबचं नाक स्पेसरमध्येच संपतं आणि स्पेसरला स्वतःचं नाक काढायला भिंत उरत नाही. मग चाक नुसत्या बोल्टांवर केंद्र शोधतं आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग करत बसतात. माझ्या जिप्सीच्या चकत्या नेमक्या याच मापाच्या होत्या, हे तुला सांगायला नको.

दुसरं, पाठी समांतर हव्यात. स्पेसरच्या दीडशे मिलिमीटरच्या तोंडावर एक दशांश मिलिमीटरची चूक राहिली तर १८ इंची रिमच्या कडेला ती तिप्पट होते. नवा लेथ ते साधेल, माझा साधणार नाही. त्याचं वय तुझ्यापेक्षा जास्त आहे.

तेव्हा असं कर. शक्य असेल तर ही चाकं परत दे आणि ईटी बघून दुसरी घे. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. नाहीच ऐकलंस तर फक्त पुढे, १५ चे, घडीव ६०६१-टी६ चे, स्वतःचं नाक असलेले, नावाजलेल्या कंपनीचे घे, सोबत त्यांचेच पंधराने लांब बोल्ट. बाहेरची कड जुन्यापेक्षा जेमतेम सव्वातीन मिलिमीटर बाहेर येईल. स्पेसरला स्वतःचे बोल्ट असतात तो प्रकार या जाडीत मिळाला तरी घेऊ नकोस. बोल्टचं डोकं लपायला वीस-पंचवीसची जाडी लागते.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढ. राईएवढाही कण पाठींमध्ये राहता कामा नये (आमच्या गावाएवढा नव्हे, मोहरीएवढा). आट्यांना तेल लावू नकोस. तेलावर तोच टॉर्क जास्त ताण देतो आणि बोल्ट ताणला जातो. हबच्या नाकावर मात्र ग्रीसचा पातळ हात फिरव. तू दर रविवारी उत्तनला जातोस. खारी हवा, लोखंडाला टेकलेलं अॅल्युमिनियम. वर्षभरात स्पेसर हबला असा चिकटतो की हातोड्याशिवाय निघत नाही. आम्ही मिठागरांशेजारी वाढलेली माणसं, खारं काय काय खातं ते पाहिलंय. एकाआड एक बोल्ट आवळ, शेवटी टॉर्क पान्याने. मग मनोरपर्यंत जाऊन ये, चाकं थंड झाली की पुन्हा तपास. आणि मूळ छोटे बोल्ट डिकीत पिशवीत ठेव. जुनी चाकं स्पेसरशिवाय चढवलीस तर लांब बोल्ट चालणार नाहीत.

चाकाचा मध्य जुन्यापेक्षा बाहेर गेला असता, तर गायमुखच्या घाटात खड्डा लागताच स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटलं असतं, आणि बेअरिंगवरचा जोरही वाढला असता. १५ च्या स्पेसरने तसं होत नाही. तरी तिथे वेग कमी ठेव. विमा कंपनीला आधी कळव. कायद्यात कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता तर मीरा-भाईंदरला आपलं आरटीओ आणि एमएच ५८ मिळालंय. नव्या ऑफिसात पहिला वाद तुझा नको.

रविवारी ये, स्पेसर न्यायला नाही, मापं घ्यायला. एक जुनं आणि एक नवं चाक आण. व्हर्नियर, डायल गेज माझ्याकडे आहे. गाडी रस्त्यावरच लाव, आमच्या गल्लीत गटाराची जाळी वर आलीय, तळ घासेल. मामीने वालाचं बिरडं करायचं ठरवलंय. जेवण झालं की तुला टेबलाच्या खणातले ते तीन स्टड दाखवतो.

तुझा,
मामा