घरी बांधलेले छोटे सीएनसी मशीन : धातूसाठी कोणते घ्यावे?



आयटीआय करून बोईसर-तारापूरकडे नोकरीला लागलेला मुलगा सुटीत घरी येतो आणि म्हणतो, "आबा, यंदाच्या ऊसबिलातून थोडे पैसे द्या, आपण छोटे सीएनसी मशीन बांधू." मुलाचे म्हणणे वावगे नाही. पण पैसे देण्यापूर्वी आपल्यालाही त्यातले थोडे कळावे, म्हणून हा पाठ.

संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे कटर फिरवून जॉब कापणारे मशीन म्हणजे सीएनसी मिलिंग. मोटारी, स्क्रू, कंट्रोल कार्ड हल्ली सुटे मिळतात. ते चालवणारे जीआरबीएल, लिनक्ससीएनसी हे प्रोग्राम तर फुकट आहेत. तेव्हा बांधणे अवघड राहिलेले नाही. त्यावर कापायचे काय, हे आधी ठरले पाहिजे, आणि नेमके तेच बहुतेक जण शेवटी ठरवतात.

पालघर भागाचेच बघा. तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखाने पुष्कळ. तिथली पंपाची, व्हॉल्व्हची कामे बहुधा स्टेनलेस स्टीलची. हलक्या मशीनवर स्टेनलेस घेतले की कटर कापण्याऐवजी घासतो, घासलेला भाग जागीच कडक होतो आणि कटर जळतो. उलट तिथून जवळच चिंचणी, वाढवण, डहाणू पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरण्याचा घरगुती धंदा जुना आहे. पोलादी ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, मग त्याला पाणी देऊन कडक करायचे. हाताच्या या कामात आता सीएनसीही शिरले आहे. हे काम बारीक कटरचे, म्हणून छोट्या मशीनला झेपते. अर्थात नक्षीची नजर मशीनबरोबर मिळत नाही, ती कारागिराकडूनच शिकावी लागते.

असे का, ते हिशेबाने पाहू. मिनिटाचे फेरे काढायचे तर कापण्याचा वेग (मीटरमध्ये) गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले कटरचा व्यास (मि.मी.). साध्या पोलादावर १० मि.मी.चा हायस्पीड कटर २५ मीटरने चालवला तर फेरे येतात सुमारे ८००. १ मि.मी.चा कार्बाइड कटर ६० मीटरने चालवला तर सुमारे १९,०००. घरगुती मशीनला बहुधा २४,००० फेऱ्यांचा स्पिंडल बसवतात. तो ८०० फेऱ्यांवर आणला तर त्याची ताकदच उरत नाही. म्हणजे डाय कोरायला चांगले असलेले मशीन पंपाचा जाड भाग कापायला निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट ताठपणाची. आपल्या कारखान्यात गाळपाआधी मिलचा रोलर ज्या लेथवर चढतो, त्याचा बेड एवढा जड कशाला, असे पुष्कळांना वाटते. कटरच्या जोराने मशीन वाकू नये, म्हणून. त्याच मापाच्या पोलादापेक्षा अॅल्युमिनियम जवळजवळ तिप्पट वाकते. आणि कटर होल्डरबाहेर २० ऐवजी ४० मि.मी. काढला तर तो दुप्पट नव्हे, आठपट वाकतो! म्हणून उंच पायांचे, चाकांवर पळणारे अॅल्युमिनियमचे सांगाडे लाकूड-प्लास्टिकला ठीक. धातूसाठी बुटके, जड, लोखंडी बांधणीचे, सरळ गाइड असलेले मशीनच बघावे. जुने हाताचे मिलिंग मशीन सुस्थितीत मिळाले तर त्यालाच मोटारी जोडणे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे. मात्र त्याचे फेरे कमी असतात, त्यामुळे ते मोठ्या कटरच्या कामाला घ्यावे, नक्षीला नव्हे.

पारख सोपी आहे. कटरच्या जागी डायल गेज टेकवावा आणि स्प्रिंगच्या काट्याने १० किलोची ओढ द्यावी. काटा ०.०१ ते ०.०२ मि.मी. हलला तर पोलादाचा विचार करावा. ०.१ हलला तर त्या मशीनवर पोलाद घेऊ नये, विकणारा काहीही म्हणो.

साध्या स्क्रूत उलट फिरताना प्ले येतो, म्हणून बॉलस्क्रू घ्यावा. स्टेपर मोटार पाऊल चुकली तरी साध्या कंट्रोलला कळत नाही, आणि खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. होम स्विच बसवलेले असतील तर वीज आल्यावर मशीन आपली जागा पुन्हा शोधते, नाहीतर अर्धा झालेला जॉब भंगारात जातो. अर्थिंग आणि डोळ्यांचा चष्मा यांत काटकसर नको.

विकणारे बहुधा लाकडावर नाव कोरून दाखवतात. ते पाहून व्यवहार करू नये. आपल्या कामाचाच पोलादी तुकडा घेऊन जावे, त्यावर २० मि.मी.चा चौकोन कापून घ्यावा आणि दोन्ही दिशांची मापे व्हर्नियरने स्वतः मोजावीत.