दिवाळीच्या तोंडावर भाचीला पत्र

सातारा,
कोजागरी पौर्णिमा

चि. सौ. ताईस,


काल फोनवर तू दिवाळीची यादी वाचून दाखवलीस, ती मी इकडे कागदावर उतरवून घेतली. माळे, पंखे, जाळ्या. चकली, चिवडा, शेव, दोन प्रकारचे लाडू, करंज्या, शंकरपाळी, अनारसे. कपडे, भेटवस्तू, आकाशकंदील. वर ऑफिसचं काम घरून. आणि सगळ्यात शेवटी, "दादूचा गृहपाठ, चिमीची अक्षरं". सुट्टी लागणार म्हटलं की धडकी भरते, असं तू म्हणालीस. वसुबारस अजून बारा दिवसांवर आहे, तेव्हा वेळ गेलेली नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ती यादी अर्धी कर. हे मी तुझी दमणूक वाचावी एवढ्यासाठी सांगत नाही. घाईत असलेल्या आईजवळ मूल काही शिकू शकत नाही. त्याला एक गोष्ट करायला मोठ्या माणसाच्या तिप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ यादीतून काहीतरी खोडल्याशिवाय मिळत नाही. घरी दोनच जिन्नस कर, एक तुझ्या हातचा आणि एक मुलांच्या हातचा. बाकीचं बचत गटाच्या बायकांकडून सरळ विकत घे. त्यांच्या चकल्या उत्तम असतात आणि त्या पैशांतून त्यांच्याही घरची दिवाळी होते. माळे दिवाळीनंतर काढलेस तरी लक्ष्मी रागावणार नाही. अनारसे मात्र सासूबाईंवर सोपव. त्यांना त्याची हौस आहे, आणि दादूला त्यांच्या हाताखाली दे. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं. ते पाणी बदलायची आणि कॅलेंडरवर खूण करायची जबाबदारी त्याची. आजीला मदतनीस मिळेल, त्याला काम मिळेल, आणि तुझा स्वयंपाकघरातला एक कोपरा मोकळा होईल.

आता मुख्य मुद्दा. घरातली कामं एकीकडे आणि मुलांचा अभ्यास दुसरीकडे अशी तू मनात वाटणी केली आहेस, आणि दोन्हीकडे धावताना तुझा जीव जातोय. चार आणि सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही वाटणी खरी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला नेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी महागडी साधनं कुठून येणार? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली, आणि मूल शाळेत येत नसेल तर त्याच्या अंगणातच शाळा भरवली गेली. आम्ही बालवाडीत आयुष्य घालवलेल्या बायका त्याच वाटेनं चाललो. तुझं घर तर दिवाळीच्या आधी साधनांनी भरून वाहत असतं. ती तू कपाटावर उचलून ठेवतेस आणि मुलांसमोर रंगवायचं पुस्तक टाकतेस.

एक उदाहरण सांगते. पणत्या नव्या आणल्या की वापरण्याआधी पाण्यात भिजत घालायच्या असतात, नाहीतर तेल पितात. हे काम चिमीला दे. मोठं घमेलं बाल्कनीत ठेव, अर्ध्यापर्यंत पाणी, आणि पणत्या एकेक करून सोडायला सांग. कोरडी पणती पाण्यात गेली की तिच्या अंगातून बारीक बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात, आणि कान जवळ नेला तर हलकासा चुर्र असा आवाजही येतो. ती आपणहून विचारेल, "हे काय होतंय?" लगेच उत्तर देऊ नकोस. "तुला काय वाटतं?" एवढंच म्हण आणि तिचं काय ते ऐकून घे. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात, त्यातली हवा बाहेर पडते आणि पाणी आत शिरतं, हे दादूला सांगता येईल. चिमीला आज नुसतं पाहू दे. दुसऱ्या दिवशी पणत्या उन्हात वाळत घालताना तिला हातात धरून त्यांचं वजन बघू दे, रंग किती गडद झालाय ते बघू दे. तेवढी वीस मिनिटं तुला शांतपणे लॅपटॉपवर बसता येईल, हा वरचा फायदा.

मुलांच्या हातचा जिन्नस म्हणून मी शंकरपाळी सुचवेन. चकलीचा सोऱ्या दाबायला ताकद लागते, करंजीची मुरड लहान बोटांना जमत नाही. शंकरपाळ्याचं माप मात्र मुलाच्या डोक्यात सहज बसतं: एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर, आणि मावेल तेवढा मैदा. वाट्या दादूला भरू दे. दूध-साखर विरघळून गार झाली की मैदा थोडा थोडा घालायचं कामही त्याचं. "मावेल तेवढा म्हणजे किती?" असं तो विचारणारच. त्याचा हात पिठात घाल आणि सांग, हाताला चिकटायचं थांबलं की पुरे. पोळी तू लाट, कातणानं चिरू दे चिमीला. रेघा वाकड्या येतील. एक शंकरपाळं केवढं तरी मोठं, एक नखाएवढं. दोन वेगवेगळ्या आकारांचे तुकडे एकत्र तळले तर बारके आधी करपतात, म्हणून दादूला ते आकाराप्रमाणे दोन ताटांत निवडून ठेवायला सांग. असं निवडणं हे लहान वयातलं पक्कं गणित आहे, आणि तळणाऱ्या आईची खरीखुरी गरजही आहे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. त्यांनी चिरलेलं त्यांच्यामागे नीट करू नकोस. मूल झोपल्यावर वेडीवाकडी रांगोळी पुसून आपण सुबक काढतो, पाहुण्यांच्या ताटलीत फक्त नीट तुकडे ठेवतो. मुलाच्या हे लगेच लक्षात येतं. पुढच्या वेळी ते कामाला हात लावत नाही. चिमीची शंकरपाळी पाहुण्यांपुढे जाऊ देत, तिचं नाव सांगून.

मात्र याचा अर्थ प्रत्येक कामाचा धडा करायचा असा नाही. ठिपक्यांची रांगोळी काढताना सात ओळींत सात ठिपके दिसले की "सात साते किती?" असं विचारायचा मोह होतो. तो आवर. काम चाललेलं असताना परीक्षा घेतली की मूल काम सोडून पळतं, आणि ते बरोबरच करतं. चुकून एका ओळीत सहाच ठिपके पडले की रांगोळी जुळत नाही. ती चूक रांगोळीच त्याला दाखवून देते, आपण बोलायची गरज नसते.

किल्ल्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या मुलांना दिवाळीनं दिलेली ही सगळ्यात मोठी शाळा आहे असं मला मनापासून वाटतं. प्लास्टरचा तयार किल्ला दुकानातून आणू नकोस. जावईबापूंना माझा निरोप दे: माती, विटा आणि जुनं पोतं आणायचं काम त्यांचं, जागा सोसायटीच्या कडेला नाहीतर बाल्कनीत. कुठला किल्ला करायचा हे दादूला ठरवू दे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ती नावं त्याला वाचायला दे. नकाशात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी समुद्राला लागून दिसतील, तर साल्हेर पार उत्तरेला. मला विचारशील तर राजगड करा. मधे उंच बालेकिल्ला, त्याला तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. मुलाला मातीत ते रूप सहज उभं करता येतं. शिवाय तो रायगडाच्या आधीची राजधानी, त्यामुळे गोष्टींना तोटा नाही.

किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर अळीव पेरावे लागतात. ते उगवून हिरवे दिसायला चार-पाच दिवस घेतात. मग लक्ष्मीपूजनाला गड हिरवा दिसायला हवा असेल तर पेरणी कधी, त्याच्या आधी माती कधी लिंपायची, पोतं कधी भिजवायचं? दादूला कॅलेंडरसमोर बसव आणि उलटं मोजू दे. दिवस चुकला आणि पाडव्याला अळीव उगवले तर उगवू देत. पाणी जास्त झालं तर बी कुजतं, कमी झालं तर सुकतं, हेही त्याला दोन्ही बाजूंनी कळू दे. मावळे चिमीला मांडू दे, भले तिनं तोफेवर गाय ठेवली तरी चालेल.

गृहपाठाचं म्हणशील तर तो सकाळी, अंघोळ-दूध झाल्यावर, स्वयंपाकघरात भांडं वाजण्याआधी अर्धा तास. त्याहून जास्त नको. धनत्रयोदशीपर्यंत आटपता आला तर उत्तम, आणि नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत वही उघडायचीच नाही. तू सांगितलेस तेवढे शुद्धलेखनाचे कागद दुसरीतल्या मुलाला फार आहेत. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नसावा असं म्हटलं आहे. त्याच्या बाईंना नम्रपणे चिठ्ठी लिही की काही पानांऐवजी तो किराण्याची यादी, शंकरपाळ्याची कृती आणि किल्ल्याची माहिती स्वतःच्या अक्षरात लिहून आणेल. बहुतेक बाई हे आनंदानं मान्य करतात. चिमीला अक्षरं गिरवायला बसवू नकोस. डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या दादू लिहील, "चिवडा", "शेव". त्या कुठल्या डब्यावर लावायच्या ते ती शोधेल. "च" तिला चिवड्याच्या डब्यावरून जास्त लवकर ओळखू येईल.

तळण मात्र मुलं घरात जागी असताना करू नकोस. यात तडजोड नाही. उकळत्या तेलाच्या कढईपाशी लहान मूल मदतीला नको आणि पायात घुटमळायलाही नको. जावईबापू दोघांना बाजारात कंदिलाच्या कामट्या आणि पतंगी कागद आणायला घेऊन जातील तो वेळ तळणाचा, नाहीतर रात्री ती झोपल्यावर. आणि एखाद्या दिवशी सगळंच अंगावर आलं, म्हणून अर्धा तास मोबाईलवर गाणी लावून दिलीस, तर त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. रोजचा तो रिवाज होऊ नये एवढंच बघ.

संध्याकाळी एक काम माझ्या हट्टाखातर कर. बालभारतीच्या 'किशोर'चा दिवाळी अंक आण आणि दिवे लावल्यावर त्यातली एखादी गोष्ट मोठ्यानं वाच. दादूला अजून त्यातलं सगळं स्वतःचं स्वतः वाचता येणार नाही, पण ऐकून सगळं कळेल. वाचताना सासूबाईंनाही जवळ बसव. त्यांना मधेच त्यांच्या लहानपणची दिवाळी आठवेल आणि त्या सांगू लागतील. तेव्हा अंक खुशाल मिटून ठेव.

मी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, पाडव्याला दुपारच्या गाडीनं येईन. जेवणाला वरणभात कर, माझ्यासाठी वेगळं गोडधोड नको. येताना इकडची बेसनाच्या लाडवांची पिशवी आणि दादूसाठी थोडी लाल माती आणते, गडाची डागडुजी करायला लागेलच.

तुझी,
मावशी