ची नावाची मांजर

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी मांजर आहे? हात वर करा पाहू. आता ज्यांना मांजर हवे आहे, पण घरचे 'नको' म्हणतात, त्यांनी हात वर करा. दुसऱ्या वेळी जास्त हात वर झाले ना?

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती तुमच्याच वयाची, साताऱ्याची. तिच्या बाबांना जर्मनीत नोकरी मिळाली. म्हणून आई, बाबा आणि ती हांबुर्ग शहरात राहायला गेली. मनी मात्र गेली नाही. मनी म्हणजे तिची मांजर. ती साताऱ्याला आजीजवळ राहिली.

हांबुर्ग हे एल्बे नदीवरचे मोठे बंदर आहे. तिथे डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. शाळेत सगळे जर्मन बोलतात. मुलगी नुसती ऐकत बसते. घरी आल्यावर पायांत घोटाळणारे कोणी नाही. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायचीही गरज नाही! रात्री तिला मनीची आठवण येते आणि उशी ओली होते.

एके दिवशी आई तिला वाचनालयात घेऊन जाते. जर्मनीतल्या अनेक शहरांत मुलांकडून वाचनालयाची वर्गणी घेत नाहीत. तिथे एका फळीवर तिला एक पुस्तक दिसते. मुखपृष्ठावर मांजरीचे एक पट्टेरी पिल्लू, डोळे एवढे मोठे! पुस्तकाचे जर्मन नाव 'क्लाइने कात्से ची', म्हणजे 'छोटी मांजर ची'. मुलगी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसते आणि पाने उलटू लागते.

हे पुस्तक मूळ जपानी आहे. जपानमधल्या चित्रकथांना 'मंगा' म्हणतात. जपानी मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण उर्दू पुस्तक उघडतो ना, तसेच. जर्मनीला चित्रकथा काही नवी नाही. विल्हेल्म बुश यांनी मॅक्स आणि मोरिट्झ या दोन खोडकर मुलांची गोष्ट चित्रांतून सांगितली, ती १८६५ साली. पण पुस्तक उलट्या बाजूने वाचायचे म्हणजे जर्मन मुलांना गंमतच होती. १९९७ साली हांबुर्गच्याच कार्लसन या प्रकाशनाने 'ड्रॅगन बॉल' ही जपानी मालिका उजवीकडून डावीकडे छापली. ती मुलांना फार आवडली. मोठ्यांना वाटले होते, मुले गोंधळतील. मुले कुठली गोंधळायला!

आता चीची गोष्ट ऐका. ती कोनामी कानाता या लेखिकेने लिहिली आणि चित्रेही तिनेच काढली. २००४ ते २०१५ या काळात ती एका जपानी साप्ताहिकात येत होती. ते साप्ताहिक मोठ्या माणसांचे, बरे का! पुढे तिची १२ पुस्तके झाली.

एक पिल्लू आईबरोबर चाललेले असते. इकडेतिकडे पाहता पाहता ते मागे राहते आणि हरवते. योहेई नावाच्या लहान मुलाला आणि त्याच्या आईला ते सापडते. ती दोघे त्याला घरी आणतात. पण ज्या इमारतीत ती राहतात, तिथे प्राणी पाळायला बंदी! मग पिल्लू लपवून ठेवायचे. ते ओरडले, की सगळ्यांची धांदल. त्याला शू कुठे करायची ते शिकवताना घरातले 'ची, ची' म्हणतात. पिल्लाला वाटते, हे आपलेच नाव. झाले, पडले तेच नाव!

गंमत अशी, की ची मनात काय बोलते ते आपल्याला वाचता येते. घरच्यांना मात्र नुसते 'म्याँव' ऐकू येते. ते 'म्याँव'सुद्धा प्रत्येक भाषेत वेगळे. जर्मन मांजर म्हणते 'मिआउ', जपानी मांजर म्हणते 'न्या'. जर्मन कुत्रा 'वुफ वुफ' करतो आणि जपानी कुत्रा 'वान वान'. आपला कुत्रा 'भू भू' करतो, हे त्यांना सांगितले तर तेही हसतील.

या गोष्टीत सगळे गोड गोडच आहे असे नाही. त्याच इमारतीत एक मोठा काळा बोका असतो. दिसायला अस्वलासारखा, पण मनाने चांगला. तो चीला बऱ्याच गोष्टी शिकवतो. एक दिवस त्याच्याबद्दल सगळ्यांना कळते आणि त्याच्या घरच्यांना त्याला घेऊन दुसरीकडे जावे लागते. ची वाट पाहत राहते. आपल्या मुलीने हे पान दोनदा वाचले. जर्मन शब्द तिला फारसे कळले नाहीत. पण रिकाम्या जागेकडे पाहणारे पिल्लू तिला चांगले कळले. मनी साताऱ्याला दारात अशीच बसत असेल का?

आणि नवल म्हणजे, रडू आले तरी तिला बरे वाटले. आपल्याला जे वाटते, ते कुठल्या तरी दूरच्या देशातल्या लेखिकेने आधीच ओळखले होते! मनी काही पुस्तकातून बाहेर येणार नव्हती. पण त्या रात्री मुलगी लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना विचारले, "आपल्या इमारतीतही मांजराला बंदी आहे का?" बाबांनी माहिती काढली. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. पूर्वी काही घरमालक करारातच लिहीत, 'कुत्री-मांजरे चालणार नाहीत.' २०१३ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले, की अशी सरसकट बंदी चालणार नाही. घर केवढे, प्राणी कसा, शेजाऱ्यांना त्रास होतो का, हे पाहून ठरवावे. चीच्या त्या इमारतीला हा नियम असता, तर काळ्या बोक्याला जावे लागले नसते. पण मग गोष्टही झाली नसती!

"मग आणायचे का पिल्लू?" मुलीने विचारले. बाबा म्हणाले, "आधी भाषा शीक. मांजराच्या डॉक्टरांशी बोलणार कोण?"

भाषा शिकायला तिला एक मजेदार सोबती मिळाला. जर्मनीतल्या काही वाचनालयांत आणि शाळांत 'वाचन-कुत्रा' येतो. तो शिकवलेला, शांत कुत्रा असतो. त्याचा मालकही बरोबर असतो. मूल त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी या शहरात १९९९ साली असा उपक्रम सुरू झाला. कुत्रा चुका काढत नाही, मध्येच हसत नाही आणि 'पुढे वाच' असेही म्हणत नाही. आपल्या मुलीने त्याला चीचीच गोष्ट वाचून दाखवली. मांजराची गोष्ट कुत्र्याला! तो पुढच्या पायांवर डोके ठेवून ऐकत राहिला.

रविवारी तिने साताऱ्याला फोन लावला.

"आजी, मनीला फोनसमोर बसव. मी तिला गोष्ट वाचून दाखवणार आहे."

"अगं, तिला जर्मन कुठे येते?" आजी म्हणाली.

"मी मराठीत सांगते ना!"

आजीने मनीला उचलून फोनसमोर बसवले. मुलीने पहिले पान सुरू केले. मनीने एकदा कान टवकारले, फोनचा वास घेतला आणि त्याच्यावरच अंग टाकून दिले. हांबुर्गमध्ये पडदा काळा झाला. नुसती घुरघुर ऐकू येत होती.