कपाटातला रिपोर्ट

दाजींशी मी बोलत नाही, हे कराडात आमच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. का बोलत नाही, याबद्दल मात्र शेतीच्या वाटणीपासून लग्नातल्या मानपानापर्यंत वाट्टेल ते कानावर येतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. माझ्या मनातली वाफही जाईल, आणि ज्यांच्या घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झालाय त्यांच्या उपयोगालाही येईल.

ताईला ४८व्या वर्षी कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. धावपळ मी केली, हे दाजीसुद्धा नाकारणार नाहीत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी तेव्हाच विचारलं होतं, आमची आजी पोटात पाणी होऊन गेली, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? त्यांनी विचारलं, आईची आई की वडिलांची? वडिलांची म्हटल्यावर म्हणाले, "मग नाही. आणि तुम्ही कशाला काळजी करता? पुरुषांना यातलं काही नसतं."

दोन वाक्यं आणि दोन्ही चूक. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी असते. वडील स्वतः अनेकदा ठणठणीत राहतात, म्हणून एक पिढी मोकळी सुटल्यासारखी वाटते. आमचे अण्णा हार्ट अटॅकने गेले. कॅन्सर त्यांना शिवलाही नाही, पण देऊन गेले. आजीच्या पोटातलं पाणी म्हणजे बहुधा अंडाशयाचा कॅन्सर होता, हे मला फार उशिरा एका दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. असा दोष ज्यांत सापडतो ती बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं १९९४ आणि १९९५ साली सापडली. कालपरवाची बातमी नाही ती. रोज कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या माणसाला एवढं माहीत नसावं?

पुढे दोन-तीन वर्षांनी ताईचं पोट फुगायला लागलं. गॅसेस म्हणून गोळ्या झाल्या, पंचकर्म झालं. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ निघाली आणि आम्ही मुंबई गाठली. दाजींनी निघताना घाईघाईत कपाटातली कागदांची अख्खी पिशवी उचलली होती. तिथली डॉक्टर वयानं माझ्या पोरीएवढी. तिनं विचारलं, "जनुकीय तपासणी झालीय का यांची?" दाजी म्हणाले, "नाही." ती पोरगी एकेक कागद बाजूला काढत होती. औषधांची बिलं, जुने एक्स-रे, आणि मग ती थांबली. "ही झालीय की. बीआरसीए-२ पॉझिटिव्ह."

तारीख पहिल्या आजारपणातली होती. केमोच्या डॉक्टरांनी रक्त पाठवलं होतं, रिपोर्ट दाजींच्या हातात दिला होता, आणि रक्ताच्या नातेवाइकांना समुपदेशन घ्यायला सांगा असं त्यावर छापलेलंही होतं. डॉक्टरनं ताईला विचारलं, "हा आल्यावर अंडाशय काढून घ्यायला कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" ताईनं दाजींकडे पाहिलं. दाजी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पाव्हणं, पोरीचं ठरत होतं हो. असला कागद बाहेर पडला असता तर कुणी केली असती पोरगी? ऑपरेशनचं म्हणाले होते डॉक्टर, म्हटलं लग्न उरकलं की बघू." आणि लग्न उरकल्यावर? त्यावर ते म्हणाले, "मग ती बरी होती. म्हटलं कशाला घाबरवा."

त्या लग्नात मामा म्हणून भाचीला मांडवात मी आणलं. तो कागद तेव्हा कपाटात होता. तो ताईचा होता, तिलाच दाखवला नव्हता. पोरीसाठी केलं म्हणतात. ज्या पोरीला तो कळायची सगळ्यात जास्त गरज, तिच्यापासूनच लपवला, आणि वर म्हणे तिच्यासाठी!

आता कामाचं बोलतो. घरात एकीला स्तनाचा कॅन्सर झाला म्हणून सगळ्यांनी रक्त द्यायला धावू नये. १०० रुग्णांपैकी ५ ते १० जणींचाच कॅन्सर असा वारशानं आलेला असतो. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला झाला असेल तर धोका साधारण दुपटीनं वाढतो. तो ध्यानात ठेवावा, झोप उडवून घेऊ नये. पण पन्नाशीच्या आत झालेला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात तो प्रकार असेल, घरात कुणा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल किंवा कुणाला अंडाशयाचा, तर तपासणीचा विषय तुम्ही स्वतः काढा. डॉक्टर काढतील याची वाट बघू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन्ही बाजूंचं विचारा: कोण, कितव्या वर्षी, कशानं गेलं. गर्भाशयाला गाठ होती, पोटात पाणी झालं, असल्या उत्तरांपुढेही थोडं खोदा.

तपासणी आधी आजारी माणसाची करायची. हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी आधी माझंच रक्त देऊन आलो असतो. आजारी माणसात दोष नेमका कुठे आहे ते सापडलं की बाकीच्यांना तेवढी एकच जागा तपासावी लागते, ते पूर्ण तपासणीपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि उत्तरही स्पष्ट येतं. नाहीतर निगेटिव्ह रिपोर्टलाही फारसा अर्थ राहत नाही. म्हणून रिपोर्टची झेरॉक्स मागून घ्या, 'पॉझिटिव्ह आलाय' एवढ्या तोंडी निरोपावर जाऊ नका. त्यातली अक्षरं-आकड्यांची विचित्र ओळ हवी असते. 'पॅथोजेनिक' लिहिलं असेल तर दोष पक्का. 'व्हीयूएस' असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. तेवढ्यावरून ऑपरेशन करून घेऊ नका, आणि कुणी करा म्हणालं तर दुसरा डॉक्टर गाठा.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे. रक्त देण्याआधी समुपदेशकाशी बोलणं होतं. आमच्या धाकट्या बहिणीला तिथं बसवलं तेव्हा ती रडत होती, ताईचं झाल्यापासून तिनं स्वतःला अर्धं आजारी मानलंच होतं. तिचा निगेटिव्ह आला. म्हणजे आता तिला इतर बायकांइतकाच धोका. इतकी वर्षं उगीच जीव मुठीत धरून जगली, त्याचा हिशोबही मी दाजींच्याच खात्यावर मांडतो.

माझा पॉझिटिव्ह आला. पुरुषांना यातलं काही नसतं म्हणणाऱ्या डॉक्टरांसाठी सांगतो: बीआरसीए-२चा दोष असलेल्या पुरुषांत १००पैकी सुमारे ७ जणांना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो, प्रोस्टेटचा धोका बराच वाढतो आणि झालाच तर तो जास्त आक्रमक असतो, स्वादुपिंडाचाही वाढतो. चाळिशीपासून प्रोस्टेटसाठी दरवर्षी रक्तातलं पीएसए तपासायचं असतं. मी पन्नाशीला आलो तरी मला कुणी बोललं नव्हतं. आता करतो, छातीही चाचपून बघतो, घरातले हसतात ते हसू देत.

बायकांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. हा दोष असलेल्या १०० बायकांपैकी जवळजवळ ७० जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो, १७-१८ जणींना अंडाशयाचा. स्तनासाठी २५व्या वर्षापासून दरसाल एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करता येते. अंडाशयासाठी भरवशाची तशी तपासणीच नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर बीआरसीए-२मध्ये ४० ते ४५च्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढून घ्यायचा सल्ला देतात. ताईसाठी तो सल्ला, वयाच्या मानानं उशिरा का होईना, गाठ व्हायच्या आधी मिळाला होता. तिच्यापर्यंत पोचला नाही. सध्या ती ओलापरिबच्या गोळ्यांवर आहे. हा दोष असलेल्यांनाच त्यांचा सर्वांत चांगला उपयोग होतो, म्हणजे रिपोर्टचा तिला काही तरी फायदा झाला म्हणायचा.

लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत, अठरा पूर्ण झाल्यावर त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. मी तिला कागद दिला, ती म्हणाली बघते. तिच्या आईचं म्हणणं, जबरदस्ती करा. मी करणार नाही. आणखी एक: विम्याच्या फॉर्मवर घराण्यातल्या आजारांचा रकाना असतो, तिथं खोटं लिहू नका, ऐन वेळी क्लेम अडकतो. बाकी व्यायाम करा, वजन ताब्यात ठेवा, दारू नको, हे कुणीही सांगेल. खोटं नाही, पण जनुक काही त्यानं बदलत नाही.

आणि 'लोक काय म्हणतील' हे ज्यांच्या डोक्यात असेल त्यांच्यासाठी: भाचीनं गेल्या आठवड्यात रक्त दिलं. तिला परळला घेऊन आला तो तिचा नवरा, ज्याला कळू नये म्हणून एवढं रामायण झालं तोच. त्यानं मला एवढंच विचारलं, "मामा, रिपोर्ट यायला किती दिवस लागतात?" दाजींना तिनं अजून कळवलेलं नाही.