ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये हात बसताना

चांदीपहून बारावी सायन्सनंतर विरार-वसईच्या कॉलेजांत बी.एस्सी.ला जाणाऱ्या पोरांपैकी काही जण पुढे तारापूरच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला लागतात. मीही त्याच वाटेने गेलो. आता गावातली नवी पोरं विचारतात, ‘दादा, ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल जमेल ना?’ थिअरी गाइड वाचूनही निभते. हात मात्र लॅबमध्येच बसतो, आणि त्यातलं निम्मं कसब थांबण्याचं असतं: तापवणं कधी थांबवायचं, ओतणं कधी, ढवळणं कधी.

१. बर्नर पेटवण्याआधी शेजारच्याच्या टेबलाकडे बघा. ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे पारा तिथवर सहज जातो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून सरपटत लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. ॲसिटोनचंही तेच. ही मंडळी फक्त वॉटर बाथवर तापवायची, तीही आसपासची ज्योत विझवून.

२. रीक्रिस्टलायझेशन नीट शिकलात तर अर्धी लॅब शिकलात. बेन्झॉइक ॲसिड घ्या. २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात ते जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात पन्नास ग्रॅमच्याही वर. सगळा खेळ या फरकावर चालतो. म्हणून उकळतं पाणी थोडं थोडं घालायचं आणि पदार्थ विरघळला की हात आवरायचा. सगळ्यांचा हात इथेच सैल सुटतो. विरघळेना म्हणून पाणी ओतत राहतात, पण तळाशी उरलेली ती काडीकचऱ्याची घाण असते, ती कितीही पाण्याने विरघळणार नाही. मग थंड झाल्यावर स्फटिक पडत नाहीत आणि यील्ड विचारल्यावर मान खाली जाते.

गरम द्रावण गाळताना आखूड दांड्याचं फनेल, घड्या घातलेला फिल्टर पेपर, आणि फनेल आधी गरम करून घेतलेलं. थंड फनेलच्या नळीतच स्फटिक धरले की पुढची पंधरा मिनिटं काडीने टोकरण्यात जातात. गाळून झालं की बीकर झाकून बाजूला ठेवायचा. हे सर्वांत अवघड. लगेच बर्फात घातला तर बारीक पूड पडते आणि तिच्यात घाण अडकून राहते. आपोआप निवू दिला तर चकाकत्या पातळ पत्र्या वाढताना डोळ्यांनी दिसतात. बर्फ त्यानंतर. काहीच पडलं नाही तर ग्लास रॉडने बीकरची आतली बाजू द्रावणाच्या पातळीशी हलकेच खरवडायची, किंवा शुद्ध पदार्थाचा एखादा कण टाकायचा. बहुतेकदा तेवढं पुरतं.

३. आमच्याकडे पहिली प्रॅक्टिकल्स ऐन पावसाळ्यात. बर्नरच्या ज्योतीसाठी पंखे बंद, हवा दमट, अंगाला घाम. अशात गाळलेले स्फटिक टेबलावर ठेवून वाळत नाहीत. दोन फिल्टर पेपरमध्ये दाबून पाणी टिपायचं आणि पुढच्या प्रॅक्टिकलपर्यंत डेसिकेटरमध्ये. ओल्या पदार्थाचा मेल्टिंग पॉइंट घेणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

४. मेल्टिंग पॉइंट हा एक आकडा नसतो, दोन असतात: पहिला थेंब दिसतो तो, आणि शेवटचा कण वितळतो तो. शुद्ध पदार्थात त्यांच्यात एक-दोन अंशांचं अंतर. भेसळ असेल तर वितळणं लवकर सुरू होतं आणि लांबत जातं. म्हणून एक कॅपिलरी भराभर तापवून अंदाज घ्यायचा, मग दुसरी भरून शेवटचे दहा अंश मिनिटाला दोनच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. कॅपिलरीत पूड फार भरू नये, दोन-तीन मिलिमीटर पुष्कळ. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३ अंशांच्या आसपास वितळतात, पण एकत्र कुटून पाहिलेत तर मिश्रण कितीतरी आधी वितळतं. पदार्थ तोच का, हे ठरवायची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही. सीनियरच्या जर्नलवरून बेन्झॉइक ॲसिडचे १२२ उतरवायला अक्कल लागत नाही. ११८ ते १२१ आलं तर तेवढंच लिहायला लागते.

५. सेपरेटिंग फनेल हलवताना बूच तळहाताने दाबून धरा, फनेल उलटं करा आणि तोटी उघडून वायू जाऊ द्या, तोटीचं तोंड माणसांकडे न ठेवता. बायकार्बोनेटने ॲसिड काढताना कार्बन डायऑक्साइड जोरात सुटतो, तेव्हा सुरुवातीला तर हलवणंही नको. वरचा थर कोणता, खालचा कोणता हे पाठ करू नका. ईथर पाण्यावर तरंगतं, क्लोरोफॉर्म बुडतं. शंका आली की पाण्याचा एक थेंब टाका आणि तो कुठल्या थरात मिसळतो ते बघा. काम संपेपर्यंत कुठलाच थर सिंकमध्ये ओतायचा नाही.

६. सोडियम फ्यूजन, म्हणजे लासेन्यची १८४३ची चाचणी. तुकडा वाटाण्याहून लहान, रॉकेल टिपून घेतलेला, गॉगल डोळ्यांवर. हॅलोजन पाहण्याआधी अर्क नायट्रिक ॲसिडबरोबर फ्यूम कपाटात उकळायचाच. नायट्रोजन असेल तर अर्कात सायनाइड असतं आणि सिल्व्हर नायट्रेटने त्याचाही पांढरा साका पडतो. मग नसलेलं क्लोरीन जर्नलमध्ये जाऊन बसतं.

७. आयसोअमाइल ॲसिटेट करायला मिळालं तर सोडू नका. अल्कोहोल, ॲसेटिक ॲसिड, थोडं सल्फ्युरिक, रीफ्लक्स. आणि लॅबभर पिकल्या केळ्याचा वास. वसईच्या सुकेळ्यांवर वाढलेल्या पोराला एस्टर म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही. वास मात्र तळहाताने हवा नाकाकडे ओढून घ्यायचा, नाक फ्लास्कवर नेऊन नाही.

८. काचसामान त्याच दिवशी धुवा. परमँगनेटचा तपकिरी डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो, चिकट डांबर आधी ॲसिटोनने, मग साबणाने. कुठला बर्नर गळतो, कुठल्या कंडेन्सरला बारीक चीर आहे, हे लॅबच्या मामांना सरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. सामान घेताना त्यांना विचारून घ्या, कारण चीर आधीची होती हे ब्रेकेजच्या वहीत कोणी लिहीत नाही.