रोवणीनंतरचा व्यायाम

प्रश्न : धानाची रोवणी आटोपली. घरीच व्यायाम सुरू करते, पण चार दिवसांत मोडतो. काय करू?
– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, घड्याळ बघून वेळ ठरवू नका; रोजच्या एखाद्या कामाला व्यायाम जोडा. सकाळी तोंड धुतलं की चहाआधी 10 मिनिटं, सुरुवातीला एवढंच. चिखलात दिवसभर वाकून तुमची कंबर आधीच थकली आहे, म्हणून सूर्यनमस्काराची घाई नको. खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला हात टेकून दंड आणि अंगणात भरभर चालणं पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम आणि 2 दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते; तिथवर हळूहळू पोचा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. कंबरेतली कळ पायात उतरली तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.